गुऱ्हाळाच्या काहिलीतील उष्णताजन्य ताण व त्याचे गणित

गुळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घाण्याचे लाट, चुलाण व धुराडे यांची डागडुजी करण्याची पद्धत सर्वत्र आहे. तथापि काहिलीकडे मात्र ती गळू लागल्याखेरीज सहसा कोणी पाहत नाही. काहिलीचा तळ फुगणे, सांध्याजवळ बारीक चीर पडणे, काठावरील पट्टा वाकणे, चुलाणाच्या भिंतीस तडे जाणे ह्या गोष्टी "लोखंड खराब होते" किंवा "गवंड्याने काम कच्चे केले" असे म्हणून सोडून देण्यात येतात. वास्तविक पाहता ह्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी एकच कारण असते. ते म्हणजे उष्णतेमुळे धातूत निर्माण होणारा ताण. हा ताण डोळ्यांना दिसत नाही; परंतु त्याचे गणित साध्या गुणाकाराने करता येते, आणि ते केले असता कोणती खबरदारी खरोखर आवश्यक आहे व कोणता खर्च व्यर्थ आहे हे स्पष्ट होते.

गूळ उतरविण्याच्या वेळी काहिलीतील पाकाचे तापमान ११६ ते ११८ अंश सेल्सिअस असते. अशा वेळी तळास चीर गेली तर आधणाचे नुकसान तर होतेच. परंतु उकळता पाक विस्तवावर पडून गुळव्या व चुलाणाच्या तोंडाशी बसलेला जळव्या ह्या दोघांनाही भाजण्याचा मोठा धोका असतो. म्हणून हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नसून गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा आहे.

ताण कशामुळे निर्माण होतो?

धातू तापला की प्रसरण पावतो. सौम्य पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला ०.००००१२ इतका आहे. म्हणजेच १ मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंशांनी तापविली तर तिची लांबी १.२ मिलिमीटरने वाढते. ही वाढ मोकळेपणी होऊ दिली तर पट्टीत कोणताही ताण येत नाही. केवळ तापल्याने धातूवर ताण येतो ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. तापलेल्या धातूस वाढण्यास अटकाव झाला, तरच ताण निर्माण होतो.

हा अटकाव दोन प्रकारे होतो. पहिला बाहेरचा, जसे, दोन्ही टोके पक्क्या भिंतीत बसविलेली नळी. दुसरा आतला, जसे, एकाच पत्र्याचा काही भाग अधिक तापलेला व भोवतालचा भाग थंड असणे. अशा वेळी थंड भाग हाच तापलेल्या भागास भिंतीप्रमाणे अडवून धरतो. काहिलीच्या बाबतीत हा दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे.

मूळ सूत्र

पूर्णपणे अडविलेल्या पट्टीतील ताण पुढील सूत्राने मिळतो :

ताण = यंगचा स्थितिस्थापकता गुणांक × प्रसरण गुणांक × तापमानातील फरक

पोलादाचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००,००० न्यूटन आहे. त्यास ०.००००१२ ने गुणिले असता २.४ ही संख्या येते. याचा अर्थ असा की, अडविलेल्या पोलादात तापमानाच्या दर एका अंशामागे दर चौरस मिलिमीटरला २.४ न्यूटन ताण चढतो. (१० न्यूटन म्हणजे सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा भार होय.) हा २.४ चा आकडा गुऱ्हाळमालकांनी व ग्रामसेवकांनी पाठ करून ठेवण्यासारखा आहे. ह्या लेखात यापुढे ताणाचे सर्व आकडे दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन ह्याच मापात दिले आहेत.

ह्या सूत्रात लांबी, रुंदी व जाडी यांपैकी काहीच येत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नळी ५ मीटर असो की ५० मीटर, पूर्णपणे अडविली असता तिच्यातील ताण तितकाच येतो. जाड पट्टी घातली म्हणजे ताण कमी होईल ही कल्पना येथे लागू पडत नाही; उलट पट्टी जितकी जाड तितका भिंतीवरील रेटा अधिक. ५० मिलिमीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड पट्टीचा छेद ३०० चौरस मिलिमीटर असतो. ती १०० अंशांनी तापून पूर्ण अडविली गेली तर ताण २४० येतो व तिचा रेटा ७२,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ७ टन भरतो. विटांचे बांधकाम असा रेटा सोसू शकत नाही.

ताणाच्या तीन पायऱ्या

आलेला ताण धोक्याचा आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी धातूची मर्यादा माहीत पाहिजे. सौम्य पोलाद सुमारे २५० ताणापर्यंत रबराप्रमाणे वागते, म्हणजे भार काढताच पूर्ववत होते. त्यापुढे ते कायमचे वाकते किंवा दबते. यावरून तीन पायऱ्या संभवतात.

पहिली पायरी : सूत्राने काढलेला ताण २५० पेक्षा कमी असल्यास काहीच बिघडत नाही. पूर्ण अटकाव असताना हा टप्पा सुमारे १०४ अंशांच्या फरकापर्यंत टिकतो.

दुसरी पायरी : सूत्राने काढलेला ताण २५० ते ५०० च्या दरम्यान असल्यास पहिल्या तापण्यात धातू थोडा कायमचा दबतो व थंड झाल्यावर त्याच्यात उलट दिशेची ओढ शिल्लक राहते. त्यानंतरच्या तापण्या-निवण्यात मात्र तो सहसा स्थिरावतो. नवी काहील पहिल्या एकदोन आधणांत किंचित आकार बदलते व पुढे तशीच राहते, त्याचे हे एक कारण होय.

तिसरी पायरी : सूत्राने काढलेला ताण ५०० च्या पुढे, म्हणजे पूर्ण अटकाव असताना तापमानाचा फरक सुमारे २०८ अंशांच्या पुढे गेल्यास, दर वेळी तापताना धातू दबतो आणि निवताना ताणला जातो. तार पुढेमागे वाकवीत राहिले असता ती जशी तुटते, तशीच स्थिती येथे होते. दिवसाला ६ आधणे व हंगाम १२० दिवसांचा धरला तर एका हंगामात ७२० वेळा हे घडते. काही हंगामांत चीर का पडते, याचे उत्तर ह्या संख्येत आहे.

बिडाची गोष्ट निराळी आहे. बीड वाकत नाही, एकदम फुटते. त्याचा प्रसरण गुणांक ०.००००१०५ व यंगचा गुणांक सुमारे १,००,००० धरला तर दर अंशामागे १.०५ ताण येतो. परंतु साधारण प्रतीचे बीड ओढीखाली १५० ते २०० ताणातच तुटते. म्हणून बिडाच्या भांड्यास ताण सोसून स्थिरावण्याची दुसरी पायरीच नाही.

काहिलीत रस असताना

उदाहरणासाठी २.४ मीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाड पोलादी तळाची काहील घेऊ. एका आधणात अडीच तासांत ८०० किलोग्रॅम पाणी आटवावयाचे आहे असे धरावे. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून एकूण उष्णता सुमारे १८ लाख किलोज्यूल होते. अडीच तासांचे ९,००० सेकंद. त्याने भागल्यास दर सेकंदास २०० किलोज्यूल, म्हणजे २०० किलोवॉट हे प्रमाण येते. तळाचे क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर असल्यामुळे दर चौरस मीटरला सरासरी ४४ किलोवॉट उष्णता तळातून वर जाते. ज्वाळेचा मारा सर्वत्र सारखा नसतो. म्हणून जेथे तो जास्त आहे तेथे ६० किलोवॉट धरावे.

पोलादाची उष्णतावाहकता दर मीटर दर अंशास ५० वॉट आहे. यावरून पत्र्याच्या खालच्या व वरच्या पृष्ठभागांच्या तापमानांतील फरक = ६०,००० × ०.००५ ÷ ५० = ६ अंश. पत्र्याच्या जाडीत असा फरक असता येणारा ताण काढताना २.४ ला फरकाने गुणून १.४ ने भागावे. (पत्रा दोन्ही दिशांनी अडविला जातो व फरक मध्यापासून दोन्ही बाजूंस निम्मा विभागला जातो, म्हणून हा भागाकार येतो.) उत्तर सुमारे १० येते. २५० च्या मर्यादेपुढे हे नगण्य होय.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. तळ स्वच्छ आहे व त्यावर रस आहे तोपर्यंत कितीही मोठी ज्वाळा असली तरी उष्णतेमुळे काहिलीस धोका नाही. धातूची उष्णता रस तत्काळ ओढून घेतो व धातू रसापेक्षा फार तापत नाही. दुसरी गोष्ट अशी की, पत्रा दुप्पट जाड केला तर तापमानातील हा फरकही दुप्पट होतो. गळती होते म्हणून अधिक जाड पत्रा घालण्याने उष्णताजन्य ताण कमी होत नाही. पत्र्याची जाडी रसाचे वजन, उचलताना येणारा भार व गंज यांचा विचार करून ठरवावी.

तळाशी जळकट थर बसल्यास

मळी वेळेवर न काढल्यास, किंवा आधण उतरविल्यावर तळ न घासल्यास, जळलेली साखर व चुन्याचे क्षार यांचा कठीण थर तळाशी बसतो. हा थर उष्णतेस मोठा अडथळा करतो. त्याची वाहकता ०.६ वॉट धरली तर १ मिलिमीटर जाडीच्या थरात पडणारा तापमानाचा फरक = ६०,००० × ०.००१ ÷ ०.६ = १०० अंश. म्हणजे ५ मिलिमीटर पोलादातून जाताना ६ अंशच पडणारी उष्णता १ मिलिमीटर थरातून जाताना १०० अंश पडते. पाक ११० अंशांवर असताना त्या डागाखालील पोलाद २१० अंशांच्या वर जाते.

असा डाग सर्व तळभर नसून एखाद्या ठिकाणीच असतो. भोवतालचा पत्रा थंड राहून त्यास अडवितो. मोठ्या पत्र्यातील लहान गोल तप्त डागात सूत्राच्या निम्मा ताण येतो. फरक १०० अंश असता तो २.४ × १०० ÷ २ = १२० दाबाचा होय. डागाच्या कडेस मात्र एका दिशेने १२० दाब व दुसऱ्या दिशेने १२० ओढ एकाच ठिकाणी पडते. अशा मिश्र स्थितीचा एकत्रित परिणाम १.७३ पट धरावा लागतो, म्हणजे सुमारे २०८. ह्याच हिशेबाने थर १.२ मिलिमीटर झाला व फरक १२० अंशांवर गेला की कडेचा ताण २५० च्या मर्यादेस पोहोचतो. पुढे पत्रा फुगतो. फुगलेल्या जागेभोवती घासणे अवघड जाते, थर वाढतो व डाग आणखी तापतो. चीर नेहमी डागाच्या मध्यावर न पडता त्याच्या कडेस का पडते, हे यावरून कळून येईल.

गुळाचा रंग बिघडू नये म्हणून तळ घासावा असे नेहमी सांगण्यात येते. ते खरेच आहे. परंतु काहिलीचे आयुष्यही त्याच घासण्यावर अवलंबून आहे.

रिकामी काहील व थंड रस

सर्वांत मोठा धोका येथे आहे. गूळ ओतल्यानंतर रिकामी काहील धगधगत्या चुलाणावर परत ठेवली व रस येण्यास विलंब झाला, तर तळाची उष्णता ओढून घेणारे काहीच राहत नाही. अशा वेळी पोलाद थोड्याच अवधीत ३०० अंश किंवा त्याहून अधिक तापू शकते. त्यावर ३० अंशांचा थंड रस पडला की वरचा पृष्ठभाग एकदम आकसू पाहतो व खालचा तप्त भाग त्यास अडवितो.

अशा एकाएकी थंड होण्यातील ताणाची वरची मर्यादा २.४ × फरक ÷ ०.७ अशी आहे. फरक २७० अंश असल्यामुळे ती सुमारे ९२५ येते. प्रत्यक्षात पृष्ठभाग क्षणात ३० अंशांवर येत नाही, म्हणून खरा ताण यापेक्षा कमी असतो. परंतु तो ह्या आकड्याच्या एकतृतीयांश धरला तरी ३०० च्या वर जातो, म्हणजे कायमच्या विकृतीची मर्यादा ओलांडली जाते. बिडाच्या भांड्यास दर अंशामागे १.४ प्रमाणे ही मर्यादा ३७८ येते. तिच्या निम्म्यानेही बीड तडकू शकते. शिवाय तप्त धातूवर पडलेल्या रसाची एकदम वाफ होऊन तो उसळतो व जवळच्या माणसांस भाजतो.

म्हणून रिकामी काहील चुलाणावर ठेवू नये. प्रथम तीत पुढील आधणाचा रस घ्यावा व मगच ती चुलाणावर सरकवावी. घाणा बंद पडला किंवा रस कमी आला तर चिपाडाची झोक थांबवून काहील चुलाणावरून काढावी. नजरचुकीने काहील रिकामी तापलीच तर तीत पाणी किंवा रस मुळीच ओतू नये. ती बाजूस काढून आपोआप निवू द्यावी.

काठ, चुलाण व जाळी

काहिलीचा काठ चुलाणाच्या भिंतीत घट्ट चिणून बसविण्याची चूक पुष्कळ ठिकाणी आढळते. २.४ मीटर व्यासाची काहील ३० अंशांपासून ११० अंशांपर्यंत तापली असता तिचा व्यास २,४०० × ०.००००१२ × ८० = २.३ मिलिमीटरने वाढतो. ती २१० अंशांवर गेली तर ही वाढ ५.२ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस २.६ मिलिमीटर होते. सभोवार ५ मिलिमीटर फट ठेवून ती राख मिसळलेल्या मऊ मातीने लिंपली तर धूर बाहेर येत नाही व काहीलही मोकळी राहते. सिमेंटने ही फट कधीही भरू नये.

चुलाणातील बिडाच्या जाळीच्या पट्ट्यांस याहून अधिक मोकळीक पाहिजे. ९०० मिलिमीटर लांबीची पट्टी ७०० अंशांपर्यंत तापली असता ती ७ मिलिमीटरच्या आसपास वाढते. एक टोक खाचेत बसवावे व दुसऱ्या टोकास १० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. दोन्ही टोके चिणलेली पट्टी कमान होऊन वर येते किंवा मोडते. फटीत राख साचून ती घट्ट होते. म्हणून ती वरचेवर मोकळी करावी.

दोन धातूंचा जोड

स्वच्छतेच्या दृष्टीने स्टेनलेस स्टीलच्या काहिली चांगल्या आहेत. परंतु त्या धातूचा प्रसरण गुणांक ०.००००१७ आहे, म्हणजे साध्या पोलादापेक्षा ०.०००००५ ने अधिक. स्टेनलेस स्टीलच्या काहिलीस साध्या पोलादाचे जाड कडे सर्व बाजूंनी वितळजोडाने बसविले, तर दोन्ही ८० अंशांनी तापली असतानाही २,००,००० × ०.०००००५ × ८० = ८० पर्यंत ताण जोडात येऊ शकतो. हा ताण एकटा फार नाही; पण तो जोडाच्या बारीक दोषांवर पडतो व दर आधणास पडतो. म्हणून काठाचे कडे त्याच धातूचे असावे, किंवा निराळ्या धातूचे असल्यास लांबट छिद्रांत बोल्ट घालून सैल बसवावे.

वाफेची नळी

ज्या ठिकाणी वाफेवर रस आटविण्याची सोय असते तेथे, आणि सहकारी साखर कारखान्यांत तर सर्वत्रच, वाफेच्या लांब नळ्या असतात. ७ किलोग्रॅम दाबाच्या संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १७० अंश असते. ३० अंशांवर बसविलेली २० मीटर लांबीची नळी वाफ सोडताच २०,००० × ०.००००१२ × १४० = ३३.६ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोके पक्की असल्यास ताण ३३६ येतो, म्हणजे मर्यादेच्या पुढे. नळी बाक घेते, आधार उखडते किंवा जोडाशी गळू लागते.

यावर उपाय नळीस काटकोनात वळण देणे हा होय. वळणाच्या आडव्या भागाची किमान लांबी अशी काढावी : ३ × यंगचा गुणांक × नळीचा बाहेरचा व्यास × वाढ, यांस अनुज्ञेय ताणाने भागून आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे. ८८.९ मिलिमीटर व्यासाच्या नळीस अनुज्ञेय ताण १०० धरला तर ही लांबी ४.२ मीटर येते. मध्यभागी चौकोनी फास घातल्यास वाढ दोन्ही पायांत निम्मी वाटली जाते व प्रत्येक पाय ३ मीटरचा पुरतो. अर्थात बॉयलर व तिच्या नळ्यांचे काम परवानाधारक कारागिराकडून व बॉयलर निरीक्षकाच्या मंजुरीनेच करून घ्यावे. हे गणित त्याची जागा घेत नाही.

हंगामापूर्वीची तपासणी

काहील पालथी घालून काजळी खरवडावी. तळावर सरळ पट्टी धरून फुगवट्याची उंची मोजावी व ती वहीत लिहून ठेवावी. मागील वर्षापेक्षा ती वाढली असल्यास त्या जागी थर बसत आहे किंवा ज्वाळेचा मारा एकवटला आहे असे समजावे. चीर शोधण्यासाठी तळाच्या बाहेरील बाजूस चुन्याचा पातळ लेप द्यावा. तो वाळल्यावर आतील बाजूने सांध्यावर रॉकेल लावावे व काही वेळ थांबावे. चीर असल्यास चुन्यावर ओलसर रेघ उमटते. ही कसोटी विस्तवापासून दूर करावी व नंतर काहील सोडा व गरम पाण्याने अनेक वेळा धुऊन घ्यावी.

सारांश

१) अटकाव नसेल तर ताण नाही, म्हणून वाढीस जागा ठेवावी.
२) अडविलेल्या पोलादात दर अंशामागे २.४ ताण येतो. सुमारे १०० अंशांचा फरक ही सावधगिरीची सीमा होय.
३) स्वच्छ तळ व त्यावर रस, हेच काहिलीचे खरे संरक्षण आहे. थर १ मिलिमीटर होण्यापूर्वीच घासून काढावा.
४) रिकामी काहील विस्तवावर ठेवू नये व तापलेल्या काहिलीत थंड रस ओतू नये.
५) काठास ५ व जाळीच्या पट्टीस १० मिलिमीटर फट ठेवावी.

अभ्यासासाठी उदाहरणे

१) १५ मीटर लांबीची पोलादी वाफनळी ३० अंशांपासून १५० अंशांपर्यंत तापते. वाढ व पूर्ण अटकावातील ताण काढा. (उत्तर : २१.६ मिलिमीटर, २८८.)
२) २.१ मीटर व्यासाच्या काहिलीचे तापमान ८० अंशांनी वाढल्यास व्यास किती वाढेल? (उत्तर : सुमारे २ मिलिमीटर.)
३) तळाशी अर्धा मिलिमीटर जळकट थर आहे. वरील आकडे घेऊन डागातील दाब व कडेचा एकत्रित ताण काढा. (उत्तर : ६०, सुमारे १०४.)